स्त्रीचे धन, स्त्रीचा निर्णय: व्यवसायातील स्वामित्वाचा धर्मविचार

फ्रँचायझी हा मालकीची वाटणी करणारा करार आहे. नाव, पाटी, मालाची कृती आणि बहुतेक वेळा भावही कंपनी ठरवते. जागा, भांडवल, नोकरमाणसे आणि तोटा सोसण्याची जबाबदारी दुकान चालवणाऱ्याकडे येते. भारतात या व्यवहारासाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांच्या आधाराने तो चालतो. असा करार स्त्रीच्या नावावर होतो तेव्हा धर्मविचारातला एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. स्त्री धनाची स्वामिनी होऊ शकते का, आणि होत असेल तर त्या धनाचे काय करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य तिला आहे का? पहिल्या प्रश्नाला परंपरेने बऱ्याच आधी होकार दिला. दुसऱ्याशी ती अडखळली, आणि समाज आजही तिथेच अडखळतो.

बीड–परळी रस्त्यावरच्या वडवणी तालुक्यात हा प्रश्न कोयत्याच्या हिशेबात दिसतो. बालाघाटच्या या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटे माणूस असेल तर तो अर्धा कोयता. ऊस दोघे तोडतात, मोळ्या दोघे बांधतात, डोक्यावरून गाडीपर्यंत दोघे वाहतात. हिशेब टनावर होतो आणि तो जोडीचा होतो. गावात खुरपणीला गेलेल्या बाईची रोजंदारी तिच्या हातावर पडते. फडात तीच बाई त्याहून जास्त राबते, पण तिची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. उचल बहुधा नवरा घेतो आणि ती फेडण्यासाठी हंगामभर दोघेही राबतात.

धर्मशास्त्रात या स्थितीला जुना आधार सापडतो. मनुस्मृतीत एके ठिकाणी पत्नी, पुत्र आणि दास यांना धन नसते, त्यांनी मिळवलेले धन ज्याचे ते आहेत त्याचे होते, असा विचार येतो. स्त्रीधनाची व्याख्या करताना स्मृतिकार कात्यायन बराच पुढे गेला. आईबाप, भाऊ, नवरा यांनी प्रेमाने दिलेल्या धनावर स्त्रीला पूर्ण स्वातंत्र्य आहे, असे त्याने सांगितले. मात्र शिल्पकर्माने, म्हणजे स्वतःच्या हातच्या कसबाने, तिने जे मिळवले त्यावर पतीचे स्वामित्व मानले. दिलेले दागिने तिचे, पण कमावलेला पैसा तिचा नाही, अशी ही विभागणी आहे. आजच्या घरांतही ती टिकून आहे. माहेरच्या पाटल्या मोडायच्या तर बाईला विचारावे लागते, पण तिने शिवणकामातून आणलेले पैसे न विचारता घरखर्चात जातात.

या विचाराला मोठे वळण दिले ते विज्ञानेश्वराने. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि पुढे महाराष्ट्रात तीच प्रमाण मानली गेली. तिच्यातले दोन मुद्दे इथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की स्वत्व ही केवळ शास्त्रवचनातून कळणारी गोष्ट नाही. ते लौकिक आहे, लोकांच्या देण्याघेण्यातून सिद्ध होते. दुसरा असा, की वारसा, खरेदी, वाटणी अशा कोणत्याही मार्गाने स्त्रीकडे आलेले धन हे स्त्रीधनच होय. मालकी व्यवहारातून सिद्ध होत असेल आणि स्त्री तो व्यवहार करत असेल, तर तिची मालकी नाकारायला तर्काचा आधार उरत नाही.

त्याहून मूलगामी चर्चा पूर्वमीमांसेत आहे. यज्ञ करण्याचा अधिकार स्त्रीला आहे का, हा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात येतो. पूर्वपक्षाचे म्हणणे असे: यज्ञाला द्रव्य लागते, स्त्रीला द्रव्य नाही, म्हणून अधिकारही नाही. सिद्धांत हा युक्तिवाद उलटवतो. फळाची इच्छा स्त्रीलाही तेवढीच असते आणि द्रव्याशी तिचाही संबंध असतो, म्हणून तिला अधिकार आहे. पुढे हा अधिकार पतीसोबतचा ठरवला गेला, ही त्याची मर्यादा. तरीही धर्मकृत्याचा अधिकार धनाच्या स्वामित्वावर उभा आहे, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. दानाचेही तसेच आहे. आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, ही दानाची शास्त्रीय व्याख्या. ज्याचे स्वत्वच नाही त्याला दान करता येत नाही. स्त्रीला धनाची मालकी नाकारली की दात्री होण्याचे पुण्यही तिला नाकारले जाते.

स्वतःच्या धनातून दान करणाऱ्या स्त्रीचे ठळक ऐतिहासिक उदाहरण वडवणीपासून फार लांब नाही. परळीच्या वैद्यनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. देशभर त्यांनी बांधलेल्या घाटांचा, विहिरींचा आणि मंदिरांचा खर्च प्रामुख्याने खासगीच्या उत्पन्नातून झाला. ही खासगी जहागीर पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना दिली होती, आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा खजिना वेगळा, खासगी वेगळी. १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहताना हा भेद त्यांनी पाळला. दानाची एवढी मोठी परंपरा उभी राहिली त्यामागे भक्ती होती, तसेच एका स्त्रीच्या नावावरचे, तिच्या निर्णयाने खर्च होणारे उत्पन्नही होते.

इतर परंपरांतही हाच धागा सापडतो. बीड जिल्ह्यातल्या मुस्लिम घरांत हजरत खदीजा यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या आणि विवाहापूर्वी पैगंबरांनी त्यांच्यासाठी व्यापारी सफर केली होती. पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा वाटा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा, असा कुराणाचा निर्देश आहे, आणि विवाहानंतरही स्त्रीचे धन तिचेच राहते हे इस्लामी कायद्यात स्पष्ट आहे. वारकरी परंपरेत गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणाला भक्तीच्या बरोबरीने बसवले. देहूच्या तुकोबांचे घराणे वाण्याचे. सचोटीने धन मिळवावे आणि त्यात न गुंतता ते वेचावे, अशी त्यांची शिकवण. श्रम आणि व्यापार यांना कमीपणा देणारी ही परंपरा नाही.

आधुनिक कायद्याने कात्यायनाची मर्यादा मोडली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली, आणि स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेली मालमत्ता त्यात स्पष्टपणे घातली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, तर देशपातळीवर हे २००५ मध्ये झाले. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी चालवलेल्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावावर केला. तरी नाव लागणे आणि निर्णय हाती येणे यांत अंतर राहिलेच. ग्रामपंचायतींत आरक्षण आले तेव्हा सरपंचपती हा शब्द रूढ झाला. दुकानांतही तेच घडते. कर्ज महिलेच्या योजनेतले, परवाना तिच्या नावाचा, आणि गल्ल्यावर मात्र दुसरेच कोणी. परंपरेने स्वामित्व आणि स्वातंत्र्य यांत केलेला भेद इथे जसाच्या तसा जिवंत आहे.

म्हणून स्त्रीच्या व्यवसायाची पारख तीन कसोट्यांवर करावी लागते. फळ कोणाला मिळते, निर्णय कोण घेते, आणि तोटा कोण सोसते? या तिन्हींचे उत्तर एकच व्यक्ती असेल तर ते पूर्ण स्वामित्व. तोटा स्त्रीचा आणि निर्णय दुसऱ्याचा असेल, तर त्याला मालकी म्हणणे अन्यायाचे आहे.

गावपातळीवर फ्रँचायझीच्या सर्वांत जवळचे रूप म्हणजे बीसी सखी, गावात बँकेचे व्यवहार करणारी प्रतिनिधी. नाव बँकेचे, टेबल तिचे. कोणी दोन हजार रुपये काढायला येते, मशीनवर अंगठा ठेवते. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, सखीच्या खात्यात जमा होते, आणि नोटा ती स्वतःजवळच्या रोकडीतून मोजून देते. रोकड संपली तर काम थांबते. म्हणजे बँकेचे नाव वापरताना भांडवल तिचेच फिरत असते. कमिशनचा दर ती ठरवत नाही, पण कोणत्या वेळी बसायचे, कोणत्या म्हातारीच्या घरी मशीन घेऊन जायचे, हे ती ठरवते. स्वातंत्र्य मर्यादित असले तरी ते खरे आहे, आणि पैशाच्या बाबतीत गावाचा विश्वास एका बाईवर बसणे ही नेतृत्वाची सुरुवात आहे.

उसन्या नावातला धोकाही मराठवाड्याने पाहिला आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात उभ्या राहिलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना विक्रेत्या म्हणून तयार केले. त्यांनी कंपनीच्या कमी धुराच्या शेगड्या आणि त्यांत जळणाऱ्या, शेतातल्या टाकाऊ मालापासून केलेल्या गोळ्या विकल्या. पुढे गोळ्या महागल्या आणि मागणी उतरली. भाव ठरवणे स्त्रियांच्या हाती नव्हते, पण गिऱ्हाइकाला तोंड त्यांनाच द्यावे लागले. तरीही विक्रीचे कसब आणि गावातली पत त्यांच्याजवळच राहिली, आणि ती इतर मालासाठी उपयोगी पडली.

दुसरा मार्ग लिज्जतचा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली. सकाळी शाखेतून मळलेले पीठ घ्यायचे, घरी लाटायचे, वाळलेले पापड शाखेत वजन करून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची, हा तिचा रोजचा क्रम. लाटणारी प्रत्येक बाई भगिनी, म्हणजेच सहमालक. पुरुष नोकरीवर असू शकतात, सभासद नाही. सर्वोदयाच्या विचारातून संस्थेने देणगी नाकारली, आणि नफ्याप्रमाणे तोटाही भगिनींनी वाटून घ्यायचा हे तत्त्व धरले. इथे नाव सर्वत्र एकच आहे, शाखा अनेक आहेत, पण ते नाव शाखांत काम करणाऱ्या स्त्रियांचेच आहे. साखळी व्यवसायाचा फायदा घेऊनही स्वामित्व न गमावण्याचा हा मार्ग आहे.

या विचारावर एक आक्षेप धर्माच्याच नावाने घेतला जातो. निष्काम कर्म श्रेष्ठ, मग स्त्रीने फळाचा हिशेब कशाला मागावा? गीतेचा उपदेश फळाची आसक्ती सोडायला सांगतो. तो अर्जुनाला केला आहे, राज्यावर ज्याचा हक्क होता अशा क्षत्रियाला. जे आपले आहे त्याचाच त्याग करता येतो. जे कधी हाती दिलेच नाही ते सोडायला सांगणे हा त्यागाचा उपदेश होत नाही. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ आपण घेऊन त्याला निष्काम राहायला सांगणे तर गीतेच्या यज्ञविचारालाच सोडून आहे, कारण इतरांचा वाटा न देता भोगणाऱ्याला ती चोर म्हणते. दुसरा आक्षेप कुटुंबधर्माचा: स्त्री व्यवसायात पडली की घराकडे कोण बघणार? पण घर दोघांचे असेल तर त्याची जबाबदारीही दोघांची. जैमिनीने यजमान आणि पत्नी यांना एकाच यज्ञाचे अधिकारी मानले, त्याचा आजच्या प्रपंचातला अर्थ हाच.

वडवणीसारख्या तालुक्यात या विचाराचे रूप अगदी ठोस असू शकते. कोयत्याच्या हिशेबात बाईची मजुरी वेगळी लिहावी आणि तिच्या खात्यात जमा व्हावी. फ्रँचायझीचा करार करताना तो मराठीत समजून घेऊन सही तिने करावी. डिपॉझिट परत मिळण्याच्या अटी, मालाचा भाव बदलण्याचा अधिकार आणि करार मोडण्याची मुदत तिला ठाऊक असावी. बँकेचे पासबुक, पिन आणि गल्ल्याची किल्ली तिच्याकडे असावी. बचत गटांनी सुट्या एजन्सी घेण्याबरोबरच स्वतःचे एक सामाईक नाव उभे करण्याचाही विचार करावा. दान, यज्ञ आणि त्याग या तिन्ही गोष्टींना परंपरेने स्वत्वाची अट घातली आहे. स्त्रीला कमावण्याचा, ठरवण्याचा आणि आपल्या मर्जीने देण्याचा पूर्ण अधिकार मिळतो तेव्हा ती धर्माची पूर्ण अधिकारी होते. म्हणूनच तिच्या व्यवसायाचा प्रश्न उत्पन्नाइतकाच धर्माचाही आहे.