जय कोणावर मिळविला?

जय मिळविणे आणि जयास पात्र असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? हा प्रश्न आम्हांस अगदी उघड्या स्वरूपात भेटला तो अमेरिकेतील महाविद्यालयांच्या बास्केटबॉल सामन्यांत. २०१४ साली तेथे पहिल्या वर्गातील संघ साडेतीनशेच्या घरात होते आणि वर्षअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा अवघ्या ६८. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य; म्हणून किती सामने जिंकले याबरोबर ते कोणाशी जिंकले हेही पाहणे प्राप्त होते. १९८१ पासून २०१८ पर्यंत निवड समितीपुढे जो गुणांक असे, त्यात संघाच्या स्वतःच्या जयांना चौथा हिस्सा, प्रतिपक्षांच्या जयांना निम्मा, आणि प्रतिपक्षांच्याही प्रतिपक्षांच्या जयांना उरलेला चौथा. म्हणजे योग्यतेचा पाऊण भाग परक्यांच्या पदरातून यावयाचा!

हे गणित अन्यायाचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. दुबळ्यांना पैसे मोजून आपल्या अंगणात बोलावावयाचे आणि लोळवावयाचे, ही धनाढ्य विद्यापीठांची जुनी खोड. तिला काही अंकुश हवाच. आमची तक्रार निराळी आहे. त्याच वर्षी कान्सास संस्थानातील विचिटा स्टेटचा संघ ओळीने ३४ सामने जिंकून त्या स्पर्धेत उतरला. समितीने त्यास अग्रमानांकन दिले हे खरे. परंतु टीकाकारांचा खोचक प्रश्न काही सुटला नाही : जिंकलात, पण कोणाशी? आता, संघाचे निम्म्याहून अधिक सामने त्याची कॉन्फरन्सच ठरविते. उरलेल्यांसाठी बलाढ्यांचा होकार लागतो, आणि बलाढ्याने तो का द्यावा? जिंकल्यास कोणी वाखाणणार नाही, हरल्यास मात्र नाचक्की. म्हणून तो टाळतो. आणि त्याचे हे टाळणे दुसऱ्याच्या खात्यावर उणेपणा म्हणून मांडले जाते! भित्रेपणा एकाचा, दंड दुसऱ्यास.

पुढे त्या स्पर्धेत केंटकीने विचिटा स्टेटला ७८-७६ असे हरविले, आणि टीकाकारांस आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. पण हाच केंटकी पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्याच्याशी दोन गुणांच्या अंतराने हरणारा संघ दुबळ्यांवर पोसलेला होता, असे कोणत्या न्यायाने म्हणावे? विचिटा स्टेटच्या बळाची जी साक्ष ३४ जयांनी पटली नाही, ती आमच्या मते या एका पराजयाने दिली. शेवटच्या क्षणी त्यांच्या गड्याने दुरून टाकलेला तीन गुणांचा चेंडू जाळीत पडला नाही, एवढेच.