भक्तीचे चित्र घ्यावे काय?

चिमूरच्या घोडा यात्रेत बालाजीपुढे हात जोडून उभ्या असलेल्या बाईचे चलच्चित्र घेणे उचित आहे काय? आधी विचारावे, तर ती पदर सावरते आणि प्रार्थना पहिल्यासारखी राहत नाही. न विचारता घ्यावे, तर ती एक प्रकारची चोरीच होय. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर (मृत्यु १९९२) यांनी खंडोबाचे भक्त व पंढरीची वारी यांवर माहितीपट केले. पण त्यापूर्वी ते पुष्कळ वर्षे धनगरांत वावरले होते. ओळख आधी, यंत्र मागाहून, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. (आपल्या मंडळीतही प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून इतरांस न्याहाळणारे असतातच!) तिने नको म्हटल्यास चित्र पुसावे. होय म्हटले, तरी यंत्रास केवळ जोडलेले हात दिसतात. तिने काय मागितले, हे तिने सांगितले तरच कळावयाचे.