वयाचा तक्ता आणि आजोबांचा मृत्यू

पालकांसाठीच्या सदरांतून, शाळांच्या समुपदेशन-पत्रकांतून आणि अलीकडे कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांतूनही एक तक्ता फिरत असतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मृत्यू म्हणजे कुठेतरी दूर जाणे वाटते, पाच ते नऊ या वयात त्याला तो कुणीतरी येऊन माणसाला घेऊन जाण्यासारखा वाटतो आणि नवव्या वर्षानंतरच मृत्यू अटळ व कायमचा असल्याचे उमगते, असे त्याचे तीन रकाने असतात. तक्ता मुळात कोणाचा, कोणत्या शहरातल्या मुलांवरून तो काढला, हे सहसा लिहिलेले नसते. घरात आजी किंवा आजोबा वारले की मात्र त्याचा उपयोग एकाच कामासाठी होतो: नातवंडाला स्मशानापासूनच नव्हे, तर बाहेरच्या खोलीतल्या रडण्यापासून, बोलण्यापासून आणि प्रश्न विचारण्यापासूनही लांब ठेवण्यासाठी. ‘त्याला काय कळतंय’ हे वाक्य घरोघरी होतेच. तक्त्याने त्यावर शास्त्राचा शिक्का उमटवला. ज्या संशोधिकेच्या कामावर हा शिक्का चालतो तिने असे काही सुचवले नव्हते, आणि तिच्यानंतर इतरांनी केलेल्या संशोधनाने तर या समजुतीच्या पायाखालची जमीनच काढून घेतली आहे.

मूल आणि मृत्यू यांची गाठ घालून देण्याचा संकोच फार प्राचीन नाही. कठोपनिषदातला नचिकेता वयाने लहान आहे, आणि त्या संवादात टाळाटाळ करतो तो यम. पुत्रपौत्र, हत्ती-घोडे, सोने, दीर्घायुष्य असे सारे काही देऊ करून तो एवढाच प्रश्न सोडायला सांगतो. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत मरणशय्येच्या चित्रांत मुले हटकून दिसतात, याकडे फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने लक्ष वेधले. पुढे मृत्यू घरातून रुग्णालयात गेला आणि बोलण्यातूनही हद्दपार झाला. १९५५ साली जेफ्री गोरर या इंग्रज लेखकाने, पूर्वी कामव्यवहाराबद्दल जी चोरटी लाज होती ती आता मृत्यूच्या वाट्याला आली आहे, असे निरीक्षण नोंदवले. हा सगळा प्रवास वाचकांच्या परिचयाचा आहे. प्रश्न आहे तो पुढचा: मुलाला मृत्यू सांगू नये ही सामाजिक सवय, मुलाला मृत्यू कळत नाही या वैज्ञानिक वाटणाऱ्या विधानात केव्हा आणि कशी बदलली?

त्यासाठी मारिया नॅगी या हंगेरियन संशोधिकेकडे जावे लागते, कारण तक्त्याचे तीन रकाने तिचे आहेत. बुडापेस्ट आणि परिसरातील तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांचे निबंध, चित्रे आणि त्यांच्याशी केलेली संभाषणे यांवर आधारलेला तिचा शोधनिबंध १९४८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मधल्या वयातली मुले मृत्यूला माणसाचे रूप देतात, हे तिचे निरीक्षण इतर देशांतल्या नंतरच्या अभ्यासांत त्या प्रमाणात आढळले नाही. तरीही रकाना टिकला, कारण ज्यां पियाजेच्या बालविकासाच्या पायऱ्यांशी त्याचा आकार छान जुळत होता. तक्ता छापणाऱ्यांनी वगळले ते दुसरेच. नॅगीच्या सर्वांत लहान गटातली मुले मृत्यूबद्दल उदासीन नव्हती. गेलेला माणूस नुसता नाहीसा झाला या उत्तरावर त्यांचे समाधान होत नव्हते, तो कुठे आहे आणि तिथे कसा राहतो हे त्यांना हवे होते. आणि मृत्यू मुलापासून लपवणे शक्य नाही व योग्यही नाही, भोवतालच्या माणसांचे वागणे सहज असेल तर मुलाला बसणारा धक्का पुष्कळ कमी होतो, असा निष्कर्ष तिने निबंधाच्या अखेरीस काढला. म्हणजे ज्या कामाच्या आधारे मुलाला खोलीबाहेर काढले जाते, त्या कामाचा शेवट त्याला खोलीत राहू देण्याच्या बाजूने होतो.

यानंतरची तीसेक वर्षे भराभर ओलांडता येतील. १९७८ साली मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर अमेरिकेतल्या रुग्णालयात राहून लिहिलेला ग्रंथ आला, आणि आपण मरणार आहोत हे त्या मुलांना कुणी न सांगताही कळलेले होते, इतकेच नव्हे तर आईवडिलांना त्रास नको म्हणून ती ते लपवत होती, हे त्यातून दिसले. कळणे वयावर नव्हे, तर अनुभवावर अवलंबून होते. १९८४ मध्ये मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट यांनी ‘मृत्यूची समज’ ही एकसंध गोष्ट नसून तिचे घटक वेगळे काढता येतात असे मांडले: मेलेले परत येत नाही ही अपरिवर्तनीयता, शरीराची सर्व कामे थांबतात हा कार्यविराम, आणि प्रत्येक सजीव मरतो ही सार्वत्रिकता; मृत्यू कशाने येतो याचे आकलन हा चौथा घटक पुढे त्यांत मिळवला गेला. हे घटक मुलाच्या हाती एकदम येत नाहीत, आणि कुठला आधी येईल हे त्याला शरीराबद्दल काय ठाऊक आहे यावर बरेच ठरते. व्हर्जिनिया स्लॉटर आणि मिशेल लायन्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना हृदय, फुप्फुसे, पोट ही इंद्रिये जगण्यासाठी काय करतात एवढेच शिकवले, आणि मृत्यूबद्दलची त्यांची समज त्याने सुधारली. मृत्यूचा वेगळा पाठ घ्यावा लागला नाही.

इथपर्यंतची वाटचाल बहुतेक बालमानसतज्ज्ञ मान्य करतात. त्यानंतरच्या वळणाचा अर्थ लावताना मात्र देवभोळे आणि विवेकवादी दोघेही सारखेच चुकतात, म्हणून त्याच्यापाशी थांबणे भाग आहे.

२००५ साली पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेझ यांनी माद्रिदमधल्या सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना आजी किंवा आजोबांच्या मृत्यूच्या दोन गोष्टी सांगितल्या. दोन्हींत म्हातारे माणूस आजारी पडते, रुग्णालयात जाते, मरते; फरक एवढाच, की एकीत नातवंडाशी डॉक्टर बोलतात आणि दुसरीत धर्मगुरू. मग त्यांनी विचारले: त्यांचे डोळे आता काम करतात का, हृदय चालते का, त्यांना आठवण येते का, वाईट वाटते का? डॉक्टरांच्या गोष्टीनंतर ‘सगळे थांबले’ हे उत्तर अधिक आले आणि धर्मगुरूंच्या गोष्टीनंतर ‘काही चालू आहे’ हे अधिक आले, यात नवल नाही. नवल वयात आहे. मरणानंतरही काही उरते असे उत्तर सात वर्षांच्या मुलांपेक्षा अकरा वर्षांच्या मुलांनी जास्त दिले. ‘मोठे झाले की कळते’ हा आपला गृहीत क्रम इथे उलटा होतो. कार्यविराम ज्यांना पक्का कळला आहे तीच मुले परलोकाची भाषा अधिक सफाईने बोलू लागतात.

याला स्पेनच्या कॅथलिक वातावरणाचा परिणाम म्हणून बाजूला सारता आले असते. परंतु रीटा अस्तुती या मानवशास्त्रज्ञ बाईंनी हॅरिस यांच्यासह मादागास्करच्या ग्रामीण भागात असेच प्रश्न विचारले आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या समाजात पूर्वज हे रोजच्या व्यवहारातले भागीदार असतात. त्यांना अन्न, मान आणि नीट बांधलेले थडगे लागते, आणि त्यांचा रोष झाला तर घरात आजारपण येते. अशा ठिकाणी मूल पूर्वजांवरची श्रद्धा आईच्या दुधाबरोबरच घेत असेल, असे वाटावे. तिथली पाच वर्षांची मुले गोंधळलेली उत्तरे देत होती. सात वर्षांची मुले मात्र मेल्यावर शरीर आणि मन दोन्ही थांबते, असे ठामपणे सांगत होती. आठ वर्षांपुढच्यांनीही मरणाने बहुतेक सर्व क्रिया संपतात असेच म्हटले. पण गोष्ट प्रेताभोवती न सांगता पूर्वजांच्या विधीभोवती सांगितली, की मृताला काही कळते, काही आठवते, असे म्हणणारे वाढत होते, आणि ते मुलांपेक्षा प्रौढांत अधिक होते. तोच प्रौढ एका संदर्भात प्रेत म्हणजे प्रेत असे म्हणतो आणि दुसऱ्या संदर्भात पूर्वज आपल्याला ओळखतात असे म्हणतो, आणि दोन विधाने एकमेकांना भिडवून पाहण्याची गरज त्याला वाटत नाही.

या निष्कर्षांतून एका बाजूने लहान मूल स्वभावतःच श्रद्धाळू असल्याचा पुरावा काढला गेला, तर दुसऱ्या बाजूने परलोकाची कल्पना ही बालिश समजुतीचा अवशेष आहे असे ठरवले गेले. दोन्ही वाचने एकाच चुकीवर उभी आहेत: परलोक आधी आणि शरीर नंतर, हा क्रम ती धरून चालतात. प्रत्यक्षात शरीराचे थांबणे आधी कळते आणि पूर्वज होणे नंतर शिकले जाते. ‘देवाघरी गेले’ ही मुलाच्या पातळीवर उतरून सांगितलेली सोपी गोष्ट नसून, पहिली गोष्ट पचवलेल्या प्रौढाने तिच्यावर चढवलेली दुसरी आणि अधिक अवघड गोष्ट आहे. जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्कलंड यांचा २००४ चा प्रयोग याविरुद्ध पुढे केला जातो. त्यात मगरीने खाल्लेल्या उंदराच्या गोष्टीनंतर सर्वांत लहान मुलांनीच उंदराचे मन चालू असल्याची उत्तरे अधिक दिली. आक्षेप वजनदार आहे. पण ज्या मुलाला कार्यविरामच अजून नीट कळलेला नाही त्याने उंदराला अजून आई हवी आहे असे म्हणणे, आणि ज्याला तो कळला आहे त्याने आजोबा वरून पाहत आहेत असे म्हणणे, ही दोन वेगळ्या जातीची विधाने आहेत. पहिल्यात एक गोष्ट कमी आहे, दुसऱ्यात एक जास्त आहे.

महाराष्ट्रातल्या हिंदू घरांतला मृत्यूचा विधी या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आधी देह जळतो, मग अस्थी वेचल्या जातात, राख सावडली जाते, म्हणजे शरीर संपल्याची साक्ष हाताला आणि डोळ्यांना मिळते. त्यानंतर दहा दिवसांच्या पिंडांतून मृताला नवा, सूक्ष्म देह मिळतो अशी कल्पना येते, दहाव्याला कावळ्याची वाट पाहिली जाते, मनात राहिलेली इच्छा हात जोडून विचारली जाते, आणि बाराव्याच्या सपिंडीकरणात, म्हणजे मृताचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळण्याच्या विधीत, प्रेताचा पितर होतो. पुढे दर पितृपंधरवड्यात त्याच्या आवडीच्या पदार्थांचे पान मांडले जाते. राख पाहिलेलीच माणसे हे पान मांडतात. यावरून आपल्या पूर्वजांना बालमानसशास्त्र अवगत होते असा शोध लावण्याचा मोह काहींना होईल. त्याची गरज नाही. शरीराची गोष्ट आधी आणि पूर्वजाची नंतर, आणि दुसरीने पहिली पुसायची नाही, एवढी शिस्त त्या क्रमात आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आधी पेटी मातीत उतरताना पाहिली जाते आणि मग दर वर्षी २ नोव्हेंबरला त्याच कबरीवर मेणबत्ती लावली जाते, तिथेही क्रम हाच आहे.

शहरी घरात मुलाच्या वाट्याला यातले काय येते, हे पाहिले म्हणजे तक्त्याने केलेले नुकसान कळते. आजोबा अतिदक्षता विभागात असताना मुलांना प्रवेश नसतो. मृतदेह घरी आणतात तेव्हा नातवाला शेजाऱ्यांकडे पाठवलेले असते. विद्युतदाहिनीनंतर राख कलशात बंद होऊन येते, आणि नातू परदेशात असेल तर हे सारे त्याला फोनच्या पडद्यावर, तेही आईने मध्येच बंद केलेल्या पडद्यावर, अर्धवट दिसते. उरते ते एक वाक्य: आजोबा देवाघरी गेले, किंवा आकाशात तारा झाले, किंवा झोपले. पहिली गोष्ट काढून घेऊन दुसरी तेवढी हाती दिल्यावर मूल तिचा अर्थ पहिलीच्या नियमांनी लावते. गेले असतील तर येतील केव्हा, तिथे त्यांना मधुमेहाची गोळी कोण देते, झोपले असतील तर उठवायचे का नाही, देवाने नेले तर उद्या आईला का नेणार नाही, हे प्रश्न कच्च्या बुद्धीचे नाहीत. अपुऱ्या माहितीवर चालवलेले ते बिनचूक तर्क आहेत. आणि माहिती दिल्याने मूल घाबरेल या भीतीबद्दलही थोडा पुरावा हाताशी आहे: स्लॉटर आणि माया ग्रिफिथ्स यांच्या २००७ च्या अभ्यासात चार ते आठ वर्षांच्या ज्या मुलांना मृत्यू शारीरिक अर्थाने अधिक नीट कळला होता, त्यांच्यात मृत्यूची भीती कमी आढळली.

आजी-आजोबांचा मृत्यू या शिकण्याला जागा देणारा असतो, कारण त्यांचे शरीर थकत चालल्याचे नातवंडाने आधीच पाहिलेले असते: कवळी, काठी, जिन्यात थांबून घेतलेला श्वास, कमी झालेले ऐकू येणे. आजोबांचे हृदय फार थकले होते, डॉक्टरांनी प्रयत्न करूनही ते चालू राहिले नाही, हृदय थांबले की भूक, दुखणे, थंडी यांतले काही उरत नाही, आणि तुला झालेल्या सर्दीने असे होत नाही, एवढे पाच वर्षांच्या मुलाला सांगता येते; ते कदाचित दहा वेळा सांगावे लागते. याच्यावर घरच्या श्रद्धेप्रमाणे देवाघराची गोष्ट सांगायला कुठल्याही संशोधनाची हरकत नाही, आणि ती न सांगणाऱ्या विवेकवादी घराने काही अपुरे ठेवले असेही नाही. अशा घरातला नातू अकराव्या वर्षी परीक्षेला निघताना आजोबांच्या फोटोपाशी दोन शब्द बोलला, तर ‘एवढे समजावले ते फुकट गेले’ असे म्हणून त्याच्या वडिलांनी खट्टू होऊ नये. फोटो ऐकत नाही, हे त्याला त्यांच्याइतकेच ठाऊक असते.