रंगाचा संयोग आणि मूर्तीचे विसर्जन

न्याय-वैशेषिक दर्शनाने मानलेल्या संबंधांपैकी संयोग आणि समवाय हे दोन पेणच्या गणपती कारखान्यांतील रंगकामाचा विचार करताना विशेष उपयोगी पडतात. समवाय म्हणजे गुण आणि द्रव्य यांच्यातील अतूट संबंध, जसा माती आणि तिचा स्वतःचा करडा रंग यांचा. तर संयोग म्हणजे आधी वेगळ्या असलेल्या दोन द्रव्यांची भेट, जी विभागाने, म्हणजे ती पुन्हा वेगळी झाल्याने, संपते. स्प्रे गनने मूर्तीवर चढवलेला रंग हे स्वतंत्र द्रव्य असल्यामुळे त्याचा मूर्तीशी संयोगच होतो, आणि हा संयोग किती घट्ट असावा हा प्रश्न कारागिराचा असतो तितकाच धर्माचाही असतो.

पेण, हमरापूर आणि जोहे येथील कारागिराला ही भेट सहज साधत नाही. शाडूची मूर्ती आतून ओली असताना तिच्यावर तैलरंग मारला, तर बाहेर पडू पाहणारी वाफ त्या थराखाली अडकून फोड येतात. प्लास्टर ऑफ पॅरिस सच्छिद्र असल्याने रंगातील चिकट अंश शोषून घेते आणि अस्तराचा हात आधी दिला नाही तर अंगाचा रंग डागाळतो. तेलकट थरावर पाण्याचा रंग थेंबाथेंबाने गोळा होतो, तर अर्धवट वाळलेल्या तैलरंगावर जहाल थिनरचा रंग पडला की खालचा थर फुगून सुरकुततो. प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तेथे जहाल थिनर पॉलिस्टायरीनचा पृष्ठभागच विरघळवतो. प्रत्येक थराने खालच्या थराला धरावे, पण त्याला बिघडवू नये, एवढी अट सर्वत्र समान आहे.

पार्थिव, म्हणजे मातीच्या, मूर्तीला मात्र आणखी एक अट लागू होते: विसर्जनात ती विरघळली पाहिजे. अग्नीच्या संयोगाने द्रव्याचे गुण बदलतात, त्याला न्याय आणि वैशेषिक ही दर्शने पाक म्हणतात. भाजलेल्या घड्याचा रंग परमाणूंत बदलतो असे वैशेषिक मानतात, तर अखंड घड्यातच बदलतो असे नैयायिक मानतात. गणेशचतुर्थीची शाडूची मूर्ती भाजली जात नाही, आणि म्हणूनच ती पाण्यात पुन्हा माती होऊ शकते. आवाहनाने आलेले दैवत विसर्जनाने निरोप घेते, या विधीला कच्च्या मातीचा हा स्वभाव फार जवळचा आहे. तिच्यावर न विरघळणारा चकचकीत थर चढवणे म्हणजे पाक टाळून मिळवलेली मोकळीक रंगाने हिरावून घेणे होय, आणि हा दोष सुरकुतलेल्या रंगापेक्षा गंभीर मानावा लागतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी नैसर्गिक मातीचा आणि बिनविषारी, पाण्यात विरघळणाऱ्या रंगांचा आग्रह धरला, त्याचे कारण जलप्रदूषण हे होते. परंतु ते कारण बाजूला ठेवले तरी विधीचा अर्थ त्याच दिशेने नेतो. गेरू, हळद यांसारखे रंग डिंकाच्या पाण्यात बसतात आणि भाद्रपदाच्या दमट हवेत बोटाला थोडे लागतातही. नागोठणे आणि रोहा यांच्यामधील निडीसारख्या गावी मूर्ती नेणाऱ्या गृहस्थाला हाताला न लागणारी झळाळी आणि घरच्या बादलीत विरघळणारी मूर्ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येत नाहीत, आणि हे त्याला मूर्तीची नोंदणी करतानाच कारखानदाराने सांगायला हवे.