हौसेचे ऋण

३ एप्रिल १८६८ रोजी काशीच्या छावणी भागातील बनारस थिएटरमध्ये पंडित शीतलाप्रसाद त्रिपाठी यांच्या ‘जानकी मंगल’ या नाटकाचा प्रयोग झाला. त्यात लक्ष्मणाची भूमिका हरिश्चंद्र नावाच्या सतरा वर्षांच्या तरुणाने केली. मूळ नट ऐन वेळी आजारी पडला, प्रयोग मोडण्याची पाळी आली, तेव्हा हरिश्चंद्रांनी थोड्याच अवधीत सारे संवाद पाठ करून ती वेळ निभावून नेली, असे परंपरेने सांगितले जाते. हाच तरुण पुढे ‘भारतेंदु’ म्हणून आधुनिक हिंदी साहित्याचा प्रवर्तक ठरला, आणि त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ ३ एप्रिल हा हिंदी रंगमंच दिन मानला जाऊ लागला.

या हकिकतीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. हरिश्चंद्र संपन्न सावकारी घराण्यातले. त्यांनी कोणाशी करार केला नव्हता, कोणाचे मानधन घेतले नव्हते. त्या रात्री ते स्वस्थ बसते, तर त्यांना जाब विचारण्याचा अधिकार कोणाला होता? जो माणूस केवळ स्वतःच्या आनंदासाठी एखादी कला आचरतो, त्याच्यावर त्या कलेचे काही बंधन असते काय? आणि असल्यास ते येते कोठून?

मराठीत अशा नाटकाला ‘हौशी’ म्हणतात. ‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’चे मराठी रूप. हिंदीत त्याच शब्दाला वासनेचा काळा रंग चढला. मराठीत मात्र त्याला सणासुदीचा, नव्या लुगड्याचा निर्मळ वास आहे. तरीही दोन्ही भाषांनी शब्दाचा गाभा सोडलेला नाही. हौस म्हणजे इच्छा, आणि इच्छा ओसरू शकते. म्हणूनच ‘हौशी’ या विशेषणात कौतुकाबरोबर थोडी अढीही असते. हौशी नट तालमीला उशिरा येतो, हौशी संस्था दोन वर्षांत मोडते, असे आपण गृहीत धरतो. धंदेवाईक नटाला पोट बांधून ठेवते; हौशी नटाला काय बांधून ठेवणार?

मराठी रंगभूमीने या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळ्या वाटेने गेले. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली तो आश्रयदाता निवर्तला आणि भाव्यांच्या मंडळीला पोटासाठी गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. एकाच कथेचे, जानकीच्या विवाहाचे, दोन प्रयोग पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन भाषांच्या रंगभूमींचा आरंभ मानले जातात, हा योगायोग लक्षणीय आहे. सांगलीच्या वाटेवर नाटक व्यवसाय झाले. काशीच्या वाटेवर ते दीर्घकाळ सुशिक्षितांची हौस राहिले.

काशीकरांना या हौसेचा अभिमान होता. १८८३ च्या ‘नाटक’ या आपल्या निबंधात भारतेंदूंनी पारशी मंडळीच्या ‘शकुंतला’ची आठवण नोंदवली आहे. काशीच्या नाचघरातील त्या प्रयोगात धीरोदात्त दुष्यंत कमरेवर हात ठेवून नाचू लागला, तेव्हा डॉ. थिबो आणि प्रमदादास मित्र हे विद्वान उठून निघून गेले. या नोंदीतला रोष खरा आहे. गल्ल्याकडे डोळा ठेवणारे नाटक कालिदासाची अशी दशा करते; ज्याला गल्ल्याची पर्वा नाही तोच संहितेशी प्रामाणिक राहील, हा त्यामागचा विचार. येथे हौशीपणा नीतीच्या पातळीवर चढतो. निर्लोभता हीच कलेच्या शुद्धतेची हमी मानली जाते.

ही हमी मात्र तपासून घ्यावी लागते. निर्लोभ राहणे ज्याला परवडते तो कोण असतो? ज्या नगरीत सुखवस्तू तरुण विनामोबदला रंगमंचावर उभे राहत होते, त्याच नगरीत दालमंडीच्या गायिका गाण्यावर जगत होत्या आणि कबीरचौऱ्यातील तबलावादकांची व कथकांची घराणी कलेवरच चूल पेटवीत होती. त्यांची साधना कोणाहून उणी नव्हती. तरीही पैसा न घेणाऱ्याची कला प्रतिष्ठित आणि पैसा घेणारीची कला बदनाम, अशी वाटणी समाजाने केली. तमाशातील कलावंतिणींच्या बाबतीत महाराष्ट्रानेही हेच केले. हौशी माणसाच्या त्यागातला काही अंश त्याच्या सुस्थितीचा असतो, हे मान्य केल्याशिवाय त्याच्या त्यागाचे मोल ठरवता येत नाही. मोबदला नाकारणे हा स्वतःपुरता गुण नव्हे. ती एक सवड आहे, आणि सवडीचे मोल ती कशी वापरली यावर ठरते.

मग त्या रात्री हरिश्चंद्र कशाने बांधले गेले होते? लोक येऊन बसले होते, एवढेच उत्तर पुरेसे आहे. नाटकाची सूचना देणे म्हणजे अनोळखी माणसांना वचन देणे. वचन देण्यापूर्वी मनुष्य स्वतंत्र असतो. दिल्यानंतर त्याची हौस ही इतरांची अपेक्षा झालेली असते. हे बंधन पैशातून आलेले नसल्यामुळे पैसे परत करून फेडताही येत नाही. तिकिटाचे दाम परत मिळते. वाट पाहण्याचे दाम कोणी परत करू शकत नाही.

वचन जेव्हा एका रात्रीपुरते न राहता पिढ्यांचे होते, तेव्हा त्याला घर लागते. १९०९ मध्ये काशीत नागरी नाटक मंडली स्थापन झाली आणि कालांतराने कबीरचौऱ्यात तिचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहिले. कबीराच्या मठाच्या आणि संगीतकारांच्या घरांच्या शेजारी हौशी नाटकाला छप्पर मिळाले, ही घटना वरील वाटणीच्या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. पण वास्तू आली की ऋणाचे रूप पालटते. गळके छप्पर, वीजबिल, खुर्च्यांची डागडुजी यांना हौस नसते. स्वतःचे नाट्यगृह असलेल्या कोणत्याही संस्थेला एक दिवस ठरवावे लागते की वास्तू नाटकासाठी आहे की नाटक वास्तूसाठी. लग्नसमारंभांना सभागृह देऊन दुरुस्तीचा खर्च भागवणारे विश्वस्त चुकतात असे म्हणता येत नाही. तालमीला जागा न मिळणारा तरुणही चुकत नाही. दोघांत निवाडा करताना इतकेच विचारावे लागते की या दारातून आत येणाऱ्याला दिलेले वचन कोण पाळत आहे.

गंगेच्या पैलतीरावरील रामनगरने या प्रश्नाला निराळे उत्तर दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीनरेश उदितनारायण सिंह यांच्या काळात बहरलेली तेथील रामलीला महिनाभर चालते. तिला नाट्यगृह नाही. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही सारी गावातच ठरलेली स्थळे आहेत आणि प्रेक्षक लीलेबरोबर एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी चालत जातात. ध्वनिवर्धक नाही, पेट्रोमॅक्स आणि मशालींचा उजेड. काही भूमिका एकाच घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. येथे हौस आणि कर्तव्य यांतली रेषाच पुसली जाते. अर्थात राम-लक्ष्मणांची स्वरूपे ब्राह्मण मुलांनाच मिळतात, म्हणजे हेही घर सर्वांना सारखे खुले नाही. परंतु वचन पाळण्यासाठी विटांची गरज असतेच असे नाही, हे रामनगर दाखवून देते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, सुरू झालेली ती वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळके खांब पाहून रडणाऱ्यांत नट होते, तसे केवळ प्रेक्षक म्हणून तेथे बसलेलेही होते. कायद्याने त्यांचे काहीच गेले नव्हते. त्यांच्या अश्रूंवरून कळते की वास्तूचे धनी कागदावरील नावांपुरते मर्यादित नसतात. जे कधीकाळी तेथे वाट पाहत बसले, ते सारे त्या ऋणाचे वारस असतात.

छावणीतील बनारस थिएटर आता नाट्यगृह म्हणून उरलेले नाही. भिंती गेल्या, तिकिटे गेली, ‘जानकी मंगल’चे प्रेक्षक तर केव्हाच गेले. उरली आहे ती एका तरुणाने घाईने पाठ केलेल्या संवादांची आठवण. ती टिकली, कारण प्रत्येक गावात, प्रत्येक संस्थेत, तशी वेळ पुन्हा येते: कोणीतरी आजारी पडतो, पडदा उघडायचा असतो, आणि लोक बसलेले असतात.