फॅक्टरी, जिथे काही बनत नसे

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली, की फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडतो. हातात डबा, नखांच्या कडेला रंग. जळगाव-धुळ्याकडचा माणूस घरी विचारलं तर ‘मिलमध्ये आहे’ म्हणतो, फार तर ‘कंपनीत’. ‘फॅक्टरी’ त्याच्या तोंडी क्वचितच येते. गंमत अशी, की फॅक्टरी हा शब्द सुरतेत चारशे वर्षांपूर्वीच उतरला होता.

1613 मध्ये इंग्रजांनी सुरतेत फॅक्टरी थाटली, तेव्हा तिथे एकही यंत्र नव्हतं. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा अडत्या. तो राहतो आणि माल ठेवतो ती फॅक्टरी. खाली गोदाम, वर साहेबांच्या खोल्या. कापड विणलं जाई ते विणकरांच्या घरी, उचल घेऊन. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आधी रायटर, मग फॅक्टर, मग मर्चंट अशी बढती मिळे. फॅक्टर हा हुद्दा होता!

मराठ्यांनी त्या जागेला नेमका शब्द वापरला : वखार. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांच्या जॉर्ज ऑक्झेंडनने जी राखली ती वखारच.

पुढे इंग्लंडात सूतगिरण्या आल्या आणि तोच शब्द धुरांड्याखाली गेला. हिंदुस्थानात 1881 चा फॅक्टरी कायदा आला, तोवर जुना अर्थ मागे पडला होता. 1948 च्या कायद्याने तर डोकीच मोजली : विजेवर काम चालत असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस. हजेरीपटावर दहावा माणूस आला, की शेडची फॅक्टरी होई.

इंग्रजीला हसण्याचं मात्र कारण नाही. शिवकालीन अठरा कारखान्यांत पीलखाना होता, नगारखाना होता, शरबतखानाही होता. कारखाना म्हणजे सरकारी खातं. आज कोल्हापुरात ‘कारखाना’ म्हटलं की ऊसच आठवतो. आणि वखारीत उरली लाकडं.

पांडेसऱ्यातली ‘मिल’ तरी कुठे सरळ आहे? इंग्रजीत ती मुळात दळणाची. पाणचक्कीच्या चाकावर सूत निघू लागलं म्हणून सूतगिरणीलाही तेच नाव पडलं. आपली ‘गिरणी’सुद्धा पीठ आणि कापड दोन्ही सांभाळते. इथल्या मिलमध्ये ना दळण, ना बहुधा विणकाम. बाहेर विणून आलेलं कोरं पॉलिस्टर बॉयलरच्या वाफेवर रंगतं, त्यावर फुलं छापली जातात आणि साड्यांचे गठ्ठे टेम्पोत चढतात.