वेग, विनोद आणि गोटमार

मोटारींच्या शर्यतींची टर उडविणारे लेखन आपण हसत वाचतो. पण जेथे माणसे मरतात तेथे हसावे काय? १९५५ साली फ्रान्समधील ल मां येथे मोटारीचे जळते तुकडे प्रेक्षकांत उडाले. ८०हून अधिक माणसे दगावली, तरी शर्यत शेवटपर्यंत चालली. मृतांची थट्टा हे क्रौर्यच. शर्यत चालविणाऱ्यांचा व पाहत राहणाऱ्यांचा उपहास मात्र आम्हांस न्याय्य वाटतो. तथापि आम्हां पांढुर्णेकरांना तो अधिकार फुकट मिळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठांवरून पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते; डोकी फुटतात, प्राणही गेले आहेत, तरी बघ्यांची गर्दी हटत नाही. दूरच्या वेडाला हसणाऱ्याने आधी घरच्या वेडाला हसण्याचे धैर्य दाखवावे.